पँटीची कंबर आणि माणसाची

डॉक्टरीणबाईंनी कंबर किती म्हणून विचारलं आणि टेलरमास्तरांनी टेप न लावताच सांगून टाकलं, "छत्तीस. लग्नात होती तेवढीच." डॉक्टरीणबाईंनी टेबलाला टेकलेल्या पोटाकडे पाहिलं, पण बाहेर रांग होती. रक्तात साखर आणि वर पोटाचा घेर अशी जोडी जमली की मेंदूचा झटका यायचा धोका वाढतो, एवढं त्यांनी सांगितलं. गोळ्या चुकवू नका, खाणं आवरा, चाला आणि दर आठवड्याला घरी कंबर मोजा, म्हणाल्या.

मास्तर हे सगळं दाराबाहेर पडेपर्यंत विसरले असते. पण सोबत मास्तरीणबाई होत्या, आणि त्यांच्या एका कानात शिरलेलं दुसऱ्यातून बाहेर पडायची पद्धत नव्हती. शिवाय दुकानासमोर घड्याळं दुरुस्त करणारा बसायचा. गेल्या वर्षी त्याला झटका आला. आता त्याचा उजवा हात मांडीवर असतो, कुणी सांभाळायला दिलेली वस्तू ठेवावी तसा, आणि कुठला स्क्रू फिरवायचा ते तो बायकोला डोळ्यांनी सांगतो. मास्तरांचा उजवा हात म्हणजे कात्री. त्या कात्रीवर घर उभं होतं.

"तुमचा हात मी असा मांडीवर पडू देणार नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि मास्तरांची कंबर उतरवायला त्यांनी स्वतःची कसली.

साखरेचा डबा कुलपात गेला, कढई माळ्यावर गेली. भात अशा वाटीनं मिळू लागला की मास्तरांनी ती वाटी आहे की बाटलीचं झाकण, अशी चौकशी केली.

कंबर मोजायची वेळ आली तेव्हा बाईंनी टेप बेंबीवर धरली. मास्तरांनी त्यांचा हात बाजूला केला. "टेपला हात लावू नकोस. पट्टा बसतो ती कंबर. कंबर माणसाला नसते, पँटीला असते." उभा जन्म लोकांची मापं घेतलेला माणूस, त्याच्यापुढे कोण बोलणार? त्यांचा पट्टा पोटाच्या पार खाली, उतार संपतो तिथं बसायचा. तिथं टेप फिरवली. छत्तीस.

पुढच्या आठवड्यात छत्तीस. त्याच्या पुढच्या आठवड्यात साडेछत्तीस. मग सदतीस आणि अडतीस. मास्तरांचे गाल बसले होते, सदरा हँगरला लटकावल्यासारखा दिसत होता, पँट घोट्यांच्या वर आली होती. गाल काळजीनं बसले आणि पँट धुण्यात आटली, असं बाईंनी ठरवलं. टेप मात्र खोटं बोलत नव्हती. झाकणभर भातावर माणूस फुगत असेल तर तो कुठंतरी दुसरीकडे जेवत असला पाहिजे.

त्यांनी दुकानातले बटणांचे डबे उघडले. बटणंच निघाली. अस्तराच्या कापडाच्या घड्या झटकल्या. मग त्यांनी नवऱ्यावर नजर ठेवली आणि चोरी सापडली. वरच्या मजल्यावर मास्तरांची धाकटी बहीण एकटी राहायची. रात्रीचं जेवण झालं की ती वरून हाक मारायची आणि मास्तर जिना चढून जायचे. खाली यायचे, पुन्हा जायचे. परत येताना कपाळावर घाम आणि तोंडाला धाप.

बाईंनी नणंदेला जिन्यातच गाठलं. भावाला लाडानं गोड चारून त्याचा हात लुळा करायचा आहे का, असं त्यांनी दोन्ही मजल्यांना ऐकू जाईल इतक्या हळू विचारलं.

वन्सं शांतपणे म्हणाल्या, "मला त्याला मारायचंच असतं वहिनी, तर तुमच्या हातचं जेवू दिलं असतं. नुसतं बघत बसले असते." आणि त्यांनी दार लावून घेतलं. बाईंनी मास्तरांना जिन्याची पायरी चढायची बंदी केली. दोघींचा अबोला सुरू झाला.

चोरवाट बुजवली तरी पुढच्या मापाला टेप चाळिसावर गेली. तेव्हा बाईंनी चपला घातल्या, मास्तरांना पुढे घातलं आणि थेट दवाखाना गाठला. तुमच्या औषधानं माणूस उपाशी राहून जाडा होतो, त्याचा हात गेला तर मी कुणाला धरायचं, असं त्यांनी बसायच्या आतच विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना काट्यावर उभं केलं. वजन चांगलं उतरलं होतं. साखरही उतरली होती. मग त्यांनी घरी कंबर कुठं मोजता ते दाखवायला सांगितलं. मास्तरांनी रुबाबात पट्ट्यावर बोट ठेवलं. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

"अहो मास्तर, पोट उतरतंय म्हणून पट्टा वर चढतोय. आधी तुम्ही डोंगराचा पायथा मोजत होतात. आता निम्म्या चढावर आलायत." त्यांनी टेप बेंबीवर ठेवली. बेचाळीस. कापड कापताना कधी न चुकलेला माणूस तो आकडा ऐकून स्टुलावर बसला.

"असंच चालू ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "व्यायाम काय करत होतात?"

"कसला व्यायाम? बहीण विसरभोळी झालीय हो. वर बोलवायची, आणि गेलो की म्हणायची, दादा, चष्मा खाली राहिला. तो नेऊन दिला की काडेपेटी, मग सुई. एकदाच सगळं कधी आठवायचं नाही तिला. पाणीसुद्धा विचारलं नाही कधी. आता हिनं जिनाच बंद केलाय."

डॉक्टरीणबाईंनी व्यायामापुढे 'जिना' असं लिहिलं. मास्तरीणबाई भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचत राहिल्या. निघताना डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही एकदा साखर तपासून घ्या म्हटलं. मला काय धाड भरलीय, असं सांगून त्या बाहेर पडल्या.

घरी येऊन त्या जिना चढल्या. मधल्या वळणावर कठड्याला धरून थांबल्या, वर पोचल्या तेव्हा बोलायला श्वास नव्हता. माफी मागायची सवय तर नव्हतीच. दार उघडंच होतं. वन्सं खुर्चीत बसून काहीतरी वाचत होत्या.

"वन्सं," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या.

वन्संनी मान वर केली. धापा टाकणाऱ्या भावजयीला पदरापासून पायापर्यंत पाहिलं, आणि मग पुन्हा तिच्या पोटाशी येऊन नजर थांबवली.

"आलाच आहात तर वहिनी, माझा चष्मा खाली राहिलाय, तेवढा आणता?"

चष्मा वन्संच्या नाकावर होता. मास्तरीणबाईंना तो स्वच्छ दिसत होता. त्यांनी पदर खोचला आणि मुकाट्यानं जिना उतरायला लागल्या.