बायाक्काचा परतीचा डबा

आमच्या वडगावच्या गल्लीत बायाक्काला छत्री उसनी दिली, तर परत आल्यावर ती जपून उघडावी लागे. आतून शेवग्याच्या शेंगा डोक्यावर पडत. "मोकळं माघारी धाडू न्हाय," हा तिचा कायदा. वाटी असो, सूप असो, नाहीतर दवाखान्यातली औषधाची बाटली. ती बाटली तिनं करडईचं तेल भरून परत केली. कंपाउंडरनं न बघताच पुढच्या रोग्याला दिली, आणि तो म्हातारा 'लई गुण आला' म्हणत गावभर फिरला.

बायाक्का एकटी, विधवा, हातमागावर लुगडी विणणारी. लढाईमुळं सूत मिळेना, तसा तिचा माग थांबला. मग मदत समितीनं तिला दुधाच्या भुकटीचा डबा दिला. गल्लीत तिला एकटीलाच. बाकीच्या घरांत कोणी ना कोणी कमावतं होतं.

डब्यावरचं वाचायला मला बोलावणं आलं. मी इंग्रजी शाळेत जात होते, आणि गल्लीनं माझा आवाज फारसा ऐकलेला नव्हता.

"समुद्रापलीकडच्या लोकांनी भेट पाठवलीय," मी म्हटलं.

"लोकांनी म्हंजे कुनी? नाव काय?"

"नाव नाही लिहिलेलं."

"घरात भांडं धाडत्यात आनि नाव घालत न्हाईत. कसली मानसं म्हनायची."

भुकटी संपली. डबा घासून लख्ख झाला आणि बायाक्कानं जाहीर केलं, "ह्यो आता माघारी जानार. भरून."

गल्लीला दुसरा विषयच उरला नाही. "लोनचं घाल आक्का," शेजारचे शिवाप्पा म्हणाले, "बोटीत झ्याक मुरंल."

"व्हय, आनि सायबाच्या तोंडाला आग लागली की तुमीच पानी घेऊन जावा," त्यांची बायको म्हणाली.

बायाक्कानं सगळ्यांचं ऐकलं आणि स्वतःचं केलं. मागावर उरलेल्या उभ्या ताण्यात सुताचे तुकडे जोडून तिनं हातभर पदर विणला. नुसता पदर. "बाकीचं लुगडं लढाई सरल्यावर," ती म्हणाली.

डबा घेऊन ती आणि मी निघालो. मागून अर्धी गल्ली. समितीच्या खोलीत एक गोरी मॅडम होती. ती हसून म्हणाली, आम्ही गरिबांकडून काही घेत नाही. मी ते मराठीत सांगितलं. 'गरिबांकडून' तेवढं गाळलं.

"भांडं हाय त्यांचं, ते नको म्हनून कसं चालंल?" बायाक्का म्हणाली. "सांग तिला. मोकळं धाडलं तर त्या घराशी येनंजानं तुटतंय."

माझे कान तापले होते. तरी मी सगळं एका दमात इंग्रजीत सांगून टाकलं. मॅडमनं पदर उलगडला आणि उरलेलं कुठाय म्हणून विचारलं. लढाई संपल्यावर, मी म्हटलं. तिचं हसू थांबलं. डबा तिनं दोन्ही हातांनी घेतला आणि बोटीनं पाठवायचं कबूल केलं. बाहेर शिवाप्पांनी टोपी वर उडवली. ती कौलांवर अडकली. मीसुद्धा घरापर्यंत जवळजवळ पळतच आले.

त्यानंतर मी शाळेतून येताना बायाक्का रोज दारात. "ती मानसं बी डबा मोकळा धाडनार न्हाईत, व्हय गं?"

मला गंमत वाटायची. मग एकदा तिच्या घरात बसले असताना फळीकडं लक्ष गेलं. पूर्वी तिथं शेजाऱ्यांच्या वाट्या रांगेनं असत, भरून जायची वाट बघत. आता तिची स्वतःचीच एक वाटी होती.

"त्यो डबा आल्यापासनं उसनं मागायला कुनी येत न्हाय," ती वाटी पुसत म्हणाली. "हिलाच पुरंना, हिच्याकडं काय मागायचं, आसं वाटतंय लोकास्नी."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. कुणाकडं काही मागायचं म्हटलं की माझी जीभ जड होते.

"आक्का, थोडा गूळ पाहिजे होता."

ती लगबगीनं उठली. "आनि वाटी कुठाय तुझी?"

"विसरले."

"इंग्रजी शाळंत हेच शिकिवत्यात व्हय?" असं म्हणत तिनं फळीवरची वाटी काढली, शिगोशीग भरली आणि माझ्या हातात दिली.

घरी आल्यावर मी तो गूळ आमच्या जवळजवळ भरलेल्या गुळाच्या डब्यात टाकला आणि आईला विचारलं, उद्या परत नेताना वाटीत काय घालायचं.