सोपानकाकांचा गेटपास

आमच्या गेममधल्या बैलाचं डावं शिंग उजव्यापेक्षा बारा शतांश मिलिमीटरने लांब आहे, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. सोपानकाकांना. त्यांनी मोबाइल टेबलावर सपाट ठेवला, स्क्रीनवरच्या बैलाच्या शिंगाला व्हर्नियर लावला (कारखान्यात केसाची जाडी मोजायची वेळ आली तर जे माप काढतात ते) आणि आम्हाला चार पानी तक्रार पाठवली. खाली सही, तारीख, आणि "स्क्रीनगार्ड काढून मोजले आहे" अशी टीप.

मी ती वाचून इतकी हसले की चहा नाकात गेला. मग गंमत म्हणून खरंच तपासलं. च्यायला, माणूस बरोबर होता! चित्र काढताना आमचा हात दोन ठिपके सरकला होता.

मी पुनावळ्यात एका गेम कंपनीत काम करते. कंपनी म्हटल्यावर लगेच काचेची इमारत डोळ्यांपुढे आणू नका. फरशीच्या दुकानावर दोन खोल्या, सात माणसं आणि एक एसी. तो एसीसुद्धा फक्त मालकाच्या, म्हणजे निखिलच्या, खुर्चीकडे वारा सोडतो. आमचा एकच गेम चालतो, 'घाटाचा राजा'. ऑनलाइन बैलगाडा शर्यत. आपला बैल पाळायचा, त्याला रोज वैरण घालायची, दुसऱ्या कुणाच्या बैलाशी जोडी जुळवायची आणि घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळवायची. खेळणाऱ्यांच्या तक्रारी वाचणं हे माझं काम.

गेम बनवणारा आणि खेळणारा यांचं नातं सासू-सुनेचं असतं. ते म्हणतात तुम्हाला काही बनवता येत नाही, आम्ही म्हणतो तुम्हाला खेळता येत नाही, आणि एकमेकांवाचून दोघांचंही पान हलत नाही. सकाळी नऊला मी शिव्या वाचायला बसते. 'बकवास गेम.' 'माझा बैल हरलाच कसा?' एका भावाने तर माझ्या सात पिढ्या एकाच वाक्यात उद्धरल्या होत्या, मध्ये एक स्वल्पविराम न देता. या गर्दीत काकांचा कागद यायचा, आखलेला. दोषाचे वर्णन. तात्पुरता उपाय. मूळ कारण. कायमचा उपाय. शेवटी 'आपला विश्वासू ग्राहक'. मला पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय.

चेष्टा कसली, काका तीस वर्षं चाकणच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. गाड्यांचे पत्र्याचे भाग तयार होऊन आले की हे मोजणार आणि ठरवणार, पास की नापास. नापास मालाला लाल टॅग लावायचा. रिटायर झाले तरी टॅग लावायची खाज काही गेली नव्हती. जमीन एमआयडीसीत गेलेली, घरच्या गोठ्यात आता भाडेकरूंच्या मोटारसायकली, बैल उरला तो मोबाइलमध्ये. त्याचं नाव पाखऱ्या.

ते पहिल्यांदा ऑफिसात आले ते एका गुरुवारी. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी काकांचा रविवार गुरुवारीच उगवत होता. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, पायात लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज. दारातच थांबले.

"म्याडम, गेटपास कोण देतंय?"

"काका, इथे गेटच नाही. या आत."

"गेट न्हाई? मंग तुमचा माल भायेर कसा जातो?"

"माल नाही हो, गेम आहे."

"त्यो भायेर जातो का न्हाई?"

मी कपाळाला हात लावला. पुढच्या गुरुवारी काका स्वतःच गेटपासचं पुस्तक छापून घेऊन आले. नाव, कुणाला भेटायचं, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. येताना आणि जाताना माझी सही घ्यायचे. आउट टाइम लिहिल्याशिवाय जिना उतरायचे नाहीत. एकदा मी फोनवर होते तर वीस मिनिटं दारात ताटकळत उभे राहिले.

"जा की काका, मी नंतर करते सही."

"आन् मधी आग लागली तर? कागदावर मी आतच. माझ्यापायी कुणीतरी जळायचा."

निखिल त्यांच्यावर वैतागायचा. पण काकांनी त्यालाही सोडलं नाही. "आमच्याकडं कस्टमर यायचा म्हनलं की गेटवर फळा लागायचा, त्याचं नाव लिहून. फरशीला रंग द्यायचे. तुमच्याकडं मी चार गुरुवार येतोय, साधी खुर्ची कुणी पुसली न्हाई." पुढच्या गुरुवारी निखिलने खवचटपणे फळ्यावर लिहिलं, 'श्री. सोपानराव यांचे सहर्ष स्वागत'. काकांना खवचटपणा कळलाच नाही. त्यांनी फळ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. मग निखिललाच लाजल्यासारखं झालं आणि त्याने समोसे मागवले.

काकांची दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, "रूट कॉज सांगा, रडगानं नको." एकदा मी म्हटलं, काका, चूक झाली आमच्या माणसाची. तर दुसरं आलं, "मानसाची चूक हे कारन न्हाई. मानसानं चूक का केली, ते कारन. पाच येळा 'का' इचारायचं. पाचव्या 'का'ला चोर घावतो."

तर असे हे काका. घाटावरची सावली चुकीच्या दिशेला पडते, बैल शेपटी एकाच बाजूला हलवतो, वैरणीची पेंडी प्रत्येक वेळी सारखीच दिसते, अशा शंभर तक्रारी. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक कागदाच्या तळाला एक ओळ तीच असते: 'शहेनशहा या बैलाच्या मालकाचे वैरण घालण्याचे बटण बिघडले आहे. कृपया तपासावे.'

शहेनशहा हा काकांच्या पाखऱ्याचा जोडीदार. मालक देहूरोडचे रशीदभाई. ते काकांच्याच कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि अवजारं बनवतात त्या विभागात, फिटर होते. दोघांनी गेम एकाच दिवशी, कंपनीच्या बसमध्ये बसून घेतला होता. आमच्या गेममध्ये एक सोय आहे, मालक आला नाही तर शेजाऱ्याने त्याच्या बैलाला वैरण घालायची. ही सोय कुणी वापरत नाही, लोक स्वतःच्याच बैलाला घालायला विसरतात. काका मात्र रोज साडेतीनला, पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी, आधी शहेनशहाला घालायचे आणि मग पाखऱ्याला.

"काका, ते चित्र आहे," मी एकदा म्हटलं.

"म्हाईत हाय. मला येडा समजता काय? पन चित्र उपाशी दिसतंय ना?"

"मग रशीदभाईंना फोन करून विचारा, का घालत नाहीत."

काका खिशातली पेनं सारखी करत बसले. "आमी बोलत न्हाई," एवढंच म्हणाले.

मग निखिलने नवा अपडेट काढला. गेम जड झाला होता, नको त्या गोष्टी छाटायच्या होत्या. शेजाऱ्याने वैरण घालायची सोय बंद. मालकाने स्वतः तीस दिवस वैरण घातली नाही तर बैल आपोआप बाजारात जाणार आणि कुणीही तो घेऊ शकणार. शुक्रवारपासून लागू. सगळ्या खेळणाऱ्यांना सूचना गेली. हजारो लोकांपैकी एकानेही हूं का चूं केलं नाही.

गुरुवारी दुपारी तीनला काका आले. हातात तक्रारीचा कागद नव्हता. गेटपास मात्र होता, त्यावर माझी सही घेतली आणि खुर्चीत बसले. सेफ्टी शूजची एक लेस सुटलेली.

"म्याडम, एवढं एक बटन ऱ्हाऊ द्या. बाकीचं काय बी काढा. शिंग तसंच ऱ्हाऊ द्या लांब, मी पास करतो."

मला भरून आलं. शिंग पास करायला तयार झाला म्हणजे माणूस पार हरला होता. निखिल म्हणाला, "काका, एका माणसासाठी सोय ठेवता येत नाही." काका मान हलवत राहिले. "उद्यापासून शहेनशहा उपाशी. म्हयन्यानं बाजारात. रशीदचा आन् माझा तेवढाच धागा हाय हो."

एका खेळणाऱ्याची माहिती दुसऱ्याला सांगायची नाही, असा आमचा नियम आहे. मी तो मोडला. मोडला तर मोडला. रशीदभाईंचं खातं उघडलं आणि बघतच राहिले.

"काका, रशीदभाई रोज येतात."

"आँ?" दुसरा कधी आला-गेला ते गेममध्ये दिसत नाही, त्यामुळे काकांना हे माहीत असायचं कारण नव्हतं.

"रोज. तीन चाळीसला. तुम्ही वैरण घातली की दहा मिनिटांनी. दोन मिनिटं थांबतात आणि जातात. वैरण त्यांच्याकडे कोठार भरून आहे. पण घालत नाहीत."

"बघा! म्हनलं व्हतं ना मी, बटनाचा डिफेक्ट!"

"बटण ठणठणीत आहे. आता तुमचीच पद्धत, काका. रशीदभाई वैरण का घालत नाहीत, मला माहीत नाही. पण तुम्ही बोलत का नाही?"

"त्यानं बोलनं सोडलं."

"का?"

"त्याच्या रिटायरमेंटच्या दिवशी त्यानं शेवटचा जिग करून आनला." जिग म्हणजे वेल्डिंगच्या वेळी पत्रा जागच्या जागी धरून ठेवणारा साचा. "मी त्याला लाल टॅग लावला. तीस वर्षांच्या नोकरीतला शेवटचा पीस. निरोपाचा समोसा न खाता घरी गेला."

"शेवटच्या दिवशी टॅग? का पण?"

"गेजमधी बसत नव्हता." गेज म्हणजे तयार भागाचं माप पडताळायचा पक्का नमुना. "माप आऊट व्हतं."

"आऊट का होतं?"

आमचे सगळे लोक की-बोर्डवर हात ठेवून ऐकत होते.

"जिग आऊट नव्हता," काका म्हणाले. "माझा गेज आऊट व्हता. म्हयन्यानं तपासायला गेला तवा कळलं. त्याचा पीस एकदम ओके व्हता, पोरी."

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

हा पाचवा. काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. तीस वर्षं दुसऱ्याच्या चुकीचं कारण शोधलेल्या माणसाला स्वतःच्या चुकीचं एक कारण सांगता येईना. "लाज वाटली," ते म्हणाले.

साडेतीन वाजले. मी म्हटलं, घाला वैरण, शेवटचा दिवस आहे. काकांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतले. "न्हाई. ट्रायल घेऊ. आज मी घालत न्हाई. बघू त्यो काय करतो."

तीन चाळीसला माझ्या स्क्रीनवर रशीदभाई आले. दोन मिनिटं झाली, गेले नाहीत. तीन झाली. पाच. वैरण काही घातली नाही. सहाव्या मिनिटाला बाहेर पडले.

"गेला," काका म्हणाले. "जनावराला उपाशी ठिवून गेला." त्यांचा चेहरा बघवेना.

आणि टेबलावरचा मोबाइल वाजला. स्क्रीनवर नाव, 'रशीद टूलरूम'. काका त्याच्याकडे बघत बसले. चार वेळा वाजला. मी ओरडले, "उचला की हो!" काकांनी उचलला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर, कारखान्याच्या सवयीने.

"सोपान्या, जिंदा हायेस का रे?" आवाज धापा टाकत होता.

"हाय की. का?"

"वैरन न्हाई पडली आज. मला वाटलं, गेलास."

"तुझ्या बैलाला तू घालायचीस. हात मोडलेत काय तुझे?"

"मी घातली असती तर तू कशाला आला असतास?" रशीदभाई म्हणाले. "रोज बघतो. वैरन पडलेली दिसली की कळतं, सोपान्या बरा हाय. मंग चा पितो."

निखिल खुर्चीतून उठून माझ्यामागे येऊन उभा होता.

"रशीद," काका म्हणाले. "तुझा जिग ओके व्हता. माझा गेज आऊट व्हता. मला दोन वर्षं झाली कळून."

"मला त्याच दिवशी म्हाईत व्हतं. माझे हात हायेत, मला कळत न्हाई व्हय?"

"मंग बोलला का न्हाईस?"

"तू बोलशील म्हनून थांबलो."

काका रडले. सरळ, मोठ्याने, पांढऱ्या शर्टात, आमच्या सगळ्यांच्या देखत. पलीकडून रशीदभाई म्हणाले, "बास आता. आधी बैलाला घाल, उपाशी उभा हाय. आन् ये इकडं, चा टाकतो." काकांचा अंगठा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा वैरण पडली. शहेनशहाने मान खाली घातली. शेपटी एकाच बाजूला हलवली, नेहमीसारखी. त्यावर काका काही बोलले नाहीत.

ते बटण निखिलने काढलं नाही. शुक्रवारच्या अपडेटच्या यादीतली ती ओळ खोडलेली दिसली.

काका मात्र उठले ते सुटलेल्या लेसनिशी धाडधाड जिना उतरून गेले, थेट देहूरोडला. गेटपास माझ्या टेबलावरच राहिला. त्यावर आत आल्याची वेळ आहे, माझी सही आहे आणि आउट टाइमचा रकाना कोरा आहे. पुढच्या गुरुवारी ते रशीदभाईंना घेऊन आले तेव्हा मी आठवण करून दिली, तर हात झटकून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हो." तो पास मी ड्रॉवरमध्ये जपून ठेवलाय. कागदाप्रमाणे काका अजून आतच आहेत.