चांगलं हाय, पण जॅझ न्हाई

आमच्या पाथरीत कुणी घर बांधलं किंवा कुणाचा मुलगा नोकरीला लागला, की लोक पेढे घेऊन उत्तमरावांच्या दुकानात जातात आणि निमूटपणे निकाल ऐकतात. पेढा तोंडात टाकत उत्तमराव म्हणतात, "चांगलं हाय. पण जॅझ न्हाई."

उत्तमराव पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतात. तरुणपणी ते हैदराबादला एका हॉटेलात वायरमन होते. तिथे संध्याकाळी एक म्हातारा पियानोवर जॅझ वाजवायचा. एकही दिवा बिघडलेला नसताना हे शिडीवर चढून तासन्‌तास ऐकायचे. त्यात नोकरी गेली, नाद तेवढा राहिला. आता दुकानात मोबाइलला जोडलेला स्पीकर दिवसभर चालू असतो. जळकी मोटार घेऊन आलेलं गिऱ्हाईक घाईत असतं, उत्तमराव नसतात.

त्यांचे लाडके वादक तीन, तिघेही परदेशी. नावं मात्र ते सांगत नाहीत. "नावं सांगितली की तुमी नावं पाठ करताल, ऐकणार न्हाई." म्हणून त्यांनी स्वतःच बारशी उरकली आहेत. एक झोपाळू, हा पेंगत वाजवतो आणि ऐन समेला जागा होतो. दुसरा भांडखोर, याचा डावा हात उजव्याचं काही ऐकत नाही. तिसरा कंजूष, दहा सुरांच्या जागी दोनच खर्च करणारा. यांच्यात पहिला कोण हे दर आठवड्याला बदलतं, आणि त्या आठवड्यात बाकीच्या दोघांबद्दल बरं बोललेलं त्यांना खपत नाही.

वरातीतल्या कीबोर्डवर त्यांचा भारी राग. बटण दाबलं की ढोलकी आपोआप वाजते. "मंग माणूस कामून बसवलाय तिथं? वारं घ्यायला?"

मी त्यांचा शेजारी, पंचायत समितीत कारकून. एकदा धीर करून विचारलं, "जॅझ म्हणजे नेमकं काय हो?"

"सडक ठाऊक असून बांधाबांधानं जायचं, अन् बसच्या आधी देवगाव फाट्यावर पोचायचं."

"आणि पाय घसरून बांधावर गेलो तर?"

"तर त्याला पडणं म्हणत्यात."

शनिवारी मी मारुतीच्या देवळात भजनाला टाळ वाजवतो. पेटीवर निवृत्तीआप्पा असतात. आप्पा शिंपीकाम करतात, आणि उत्तमरावांचे बालपणापासूनचे दोस्त. उत्तमराव मंडळात नाहीत, पण दर शनिवारी बाहेरच्या पारावर बसून ऐकतात. भजन संपलं की आप्पा विचारायचे, "आज कसं झालं रे?"

"चांगलं हाय. पण जॅझ न्हाई."

आप्पा हसायचे आणि पेटीवर कापड टाकायचे. वीस वर्षं हे असंच चाललं.

गेल्या वर्षी आप्पांना लकवा मारला. उठले, हिंडूफिरू लागले, पेटीवरही बसले, पण उजव्या हाताची दोन बोटं काही वळेनात. सूर गळायला लागले. आम्ही टाळ जोरात वाजवून झाकून घ्यायचो. शेवटी एका शनिवारी भजनानंतर मंडळाची बैठक बसली. बळीरामकाका आमचे प्रमुख. ते आप्पांच्या समोरच म्हणाले, "आप्पा, राग मानू नका. सूर लय सुटायलेत. सप्ताह तोंडावर आलाय. त्या वरातीतल्या कीबोर्डवाल्याला सांगावं म्हणतो."

आप्पा ती दोन बोटं डाव्या हातात धरून खाली बघत राहिले. पेटी गेली तर या माणसाकडे काय उरतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला फार वाईट वाटलं, पण मी टाळांची दोरी गुंडाळत राहिलो.

तेवढ्यात उत्तमराव पारावरून उठून आत आले.

"सुटायले न्हाईत," ते म्हणाले. "सोडायलाय तो. जाणून. हे जॅझ हाय."

देवळात जॅझ म्हणजे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण काय काय जॅझ नाही, याची यादी गावाला पाठ होती. त्यात आमदारांचं भाषण होतं, बळीरामकाकांचा नवा बंगला होता, माझ्या मुलीचं लग्नही होतं. एवढा कडक माणूस पहिल्यांदा 'हाय' म्हणाला होता.

"तुमी म्हणता म्हंजे असंलच," बळीरामकाका म्हणाले. कीबोर्डवाल्याचा विषय तिथेच संपला. आप्पांनी डोळे पुसले आणि आज काहीही न विचारता पेटीवर कापड टाकलं.

घरी येताना मी उत्तमरावांना विचारलं, "खरंच जॅझ होतं?"

"न्हाई हो. बोटं मेलीत त्याची. चुकायलाय."

"बरं केलंत. एवढं खोटं चालतं."

उत्तमराव रस्त्यात थांबले. "वीस वर्सं इचारायलाय तो मला. दर शनवारी."

"हो ना."

"तवा व्हतं."

मला कळेना. "काय होतं?"

"जॅझ. बोटं धड व्हती तवा. लय शनवारी व्हतं. म्हन्लं, सांगितलं तर शेफारंल." त्यांनी उगाच चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "अन् सांगितलं कवा, तर आज. आज त्याला बी ठाऊक हाय, मी खोटं बोलायलोय."