उणे अडीचशेला विरलेली लाट

मोठ्या शोधाला घरचा साक्षीदार हवा, म्हणून लेक वडिलांनाच प्रयोगशाळेत घेऊन आली. वडील घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेले.

"बाबा, आज पुस्तकं बदलणार बघा."

यंत्राच्या काचेआड चुंबकाचा पापुद्रा होता, जेमतेम चार अणूंच्या जाडीचा. त्यातला एकेक अणू म्हणजे चिमुकला चुंबक; सगळे एका दिशेला तोंड करून शिस्तीत उभे. एकाला ढोसलं की शेजारचा डुलतो, मग त्याच्या शेजारचा, अशी लाट सरकते. ऊब वाढली की सगळेच चुळबुळायला लागतात. लाट मंदावते आणि शेवटी विरते.

"विरते कधी?"

"जग म्हणतं उणे दोनशे तीस अंशांना. माझी उणे अडीचशेलाच विरली. तीनदा!"

रोज वीस मिनिटं मागे पडणारं घड्याळ हातात आल्यावर व्हायचा तसा बाबांचा चेहरा झाला.

तिचे सर तर सकाळपासून जमिनीवर नव्हतेच. ते विभागप्रमुख बाईंना आणि आणखी दोन प्राध्यापकांना घेऊन आले. लेकीने ऊब वाढवली. आकडा उणे अडीचशेवर आला आणि पडद्यावरची लाट गुडूप झाली. बाईंनी चष्मा पुसला. सरांनी लेकीची पाठ थोपटली.

बाबा मात्र खिशातलं भिंग लावून काचेशी वाकले होते.

"बाळ, ही केसाएवढी तार कसली?"

"तापमापकाची. पापुद्र्याखालच्या पाटीला चिकटवलीय."

"चिकटवली होतीस. आता सुटून गार भिंतीला टेकलीय."

सगळ्यांनी पाळीपाळीने डोकावलं. पोराला ताप भरावा आणि आईने तापमापक माठाला लावावा, तशी गत! पापुद्रा केव्हाच उणे दोनशे तीसला पोचला होता. लाट विरायची तिथेच विरली होती.

लेकीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई निघून गेल्या, मागोमाग प्राध्यापकही. सर खाकरले, "पुस्तकं बरोबर आहेत, हे तरी कळलं." मग हळूच बाबांकडे वळले, "तुमचा हात स्थिर दिसतो. तार जरा बसवून द्याल?"

यंत्राचा गारवा उतरून ते उघडण्याजोगं व्हायला दुपार झाली. बाबांनी चिमट्याने तार बसवली, लेकीने दिवा धरला.

"हात तुझाही चांगला आहे," ते म्हणाले. "घाई तेवढी आईची घेतलीस."

तिला हसू आलं. जिना उतरताना बाबा घुटमळले. "घाई थोडी माझ्याकडूनही झाली. सकाळीच तुझ्या मावशीला कळवून बसलो."

तेवढ्यात लेकीचा फोन वाजलाच.

"लाटा सापडल्या म्हणे तुला," मावशी काळजीने म्हणाली. "पण तुला पोहता कुठे येतं गं?"