घरतताईंचा तीनचा ग्रीन टी

“शकूर! ए शकूर! डोलं उघड! तुजी मान त्या कीबोर्डवर पडली तं अख्खं जहाज बुडंल!”

हे वाक्य तुम्ही खिडकी उघडून, छाती भरून वाचलंत तरी घरतताईंच्या आवाजाच्या पासंगाला पुरणार नाही. सोबत डाव्या हातात किटलीचं झाकण हवं, उजव्या हातात स्टेपलर हवा, आणि स्टेपलर झाकणावर असा हाणायला हवा की खालच्या फरसाणवाल्याच्या कढईतली शेव आपोआप तुटून पडली पाहिजे. दुपारचे तीन वाजले, की आमच्या ऑफिसात हा सोहळा होतो. नवीन पनवेलातले लोक त्यावर घड्याळं लावतात. मी खोटं बोलत नाही, फक्त झेरॉक्स काढताना थोडं मोठं करून काढतो.

“ताई, झोपलो नव्हतो!” शकूरभाई दचकून म्हणतात. “डोळे बंद होते, दिमाग चालू होता. कसम से!”

“मंग दिमाग घेऊन उठ आनि गॅलरीत ये. बाकी गेलं उरणला.”

‘बाकी गेलं उरणला’ हा ताईंचा लाडका शेरा. ज्या गोष्टीवर पुढे चर्चा नको, ती त्या उरणला पाठवतात. कुणाचं दुखणं, कुणाचा रुसवा, सरकारचं धोरण, सगळं उरणला. आमचं ऑफिस परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करतं, त्यामुळे आमचे कंटेनरही त्याच दिशेने, तिथल्या बंदराकडे जातात. ताईंनी आजवर तिकडे जितकं पाठवलं, तितकं कंटेनरमधून गेलं असतं तर बंदर केव्हाच तुंबलं असतं.

ऑफिसात आम्ही चारच माणसं. मालक जितूशेठ काचेच्या केबिनमध्ये. बाहेर शकूरभाई, मी, आणि कागदपत्रांच्या प्रमुख वनिता घरत, म्हणजे घरतताई. ताई उंचीने बेताच्या, पण दारातून आत आल्या की दारच बुटकं वाटायला लागतं. सकाळी त्या अगदी शहरी मराठी बोलतात, “आपला मेल मिळाला” वगैरे. जेवण झालं, की त्यांची जीभ चपला काढून गावाकडे निघते आणि ‘हाय-नाय’वर येऊन टेकते.

ताईंना नोकरीची गरज काय, हा पनवेलातला एक जुना प्रश्न आहे. त्यांच्या सासरची जमीन प्रकल्पात गेली, भरपूर मोबदला मिळाला आणि त्या जागी नवं काय काय उभं राहिलं. गावात तीन मजली बंगला आहे. त्याचा जिना असा, की मी एकदा गणपतीला गेलो तर दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचेस्तोवर विसर्जनाची वेळ झाली होती. यजमान जाऊन काही वर्षं झाली. थोरला मुलगा खारघरला बाराव्या मजल्यावर राहतो, धाकटा मस्कतला. “ताई, तुम्ही आता मजेत घरी बसायचं,” असं जो तो सांगतो. ताई तो सल्ला उरणला पाठवतात आणि सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसचं कुलूप उघडतात.

आता आमच्या दुपारीबद्दल सांगायला हवं. पनवेलची दुपार ही साधी दुपार नव्हे. त्यातून डब्यात तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण. पोटात ते गेलं, की अडीचच्या सुमाराला ऑफिसवर गुंगीचं औषध फवारल्यासारखं होतं. पंखा घोरायला लागतो. प्रिंटर कागद अर्धा बाहेर काढून तसाच जांभई देत थांबतो. भिंतीवरच्या पालीने शिकारीला तोंड उघडलं आणि ते उघडं ठेवूनच ती झोपी गेली, हे मी स्वतः पाहिलंय. डास तिच्या जिभेवर बसून विश्रांती घेऊन गेला.

या दुपारीवर ताईंनी ग्रीन टीने चढाई केली. धाकट्याने मस्कतहून एक डबा पाठवला होता. ताईंनी पहिल्या दिवशी त्यात दूध, साखर, आलं आणि गवती चहा घालून चांगला खळखळून उकळला. जे तयार झालं ते फरसाणवाल्याच्या मांजरानेही हुंगून बाजूला केलं. ताई हरल्या नाहीत. व्हिडिओ कॉलवर मुलाकडून शिकल्या, पाणी उकळू द्यायचं नाही, पत्ती जाळायची नाही, साखरेचं नावही काढायचं नाही. दुसऱ्या दिवशी एक घोट घेऊन डोळे मिटले आणि जाहीर केलं, “ही आतली अंघोल हाय!”

तेव्हापासून तीनची अंघोळ सक्तीची झाली. तिचे नियम कडक. गॅलरीत उभं राहूनच प्यायचं, बसला तो संपला. मोबाइल टेबलावर. पहिला अर्धा कप होईपर्यंत ऑफिसचं नाव काढायचं नाही, घरचं बोलायचं. कुणाच्या मुलाला किती मार्क पडले, कुणाच्या सासूचा गुडघा कसा आहे, हे ताई साक्षीदार तपासावेत तसं विचारतात. आणि उरलेल्या अर्ध्या कपाला कागद बदलायचे. माझा कागद शकूरभाईंनी, त्यांचा ताईंनी, ताईंचा मी, आणि मोठ्याने वाचायचा, अगदी टिंब आणि रेघेसकट. आपलं लिहिलेलं आपल्याला नेहमी बरोबरच दिसतं, पण दुसऱ्याचं वाचताना माणसाला चुका शोधायचा मोठा आनंद होतो, असं ताईंचं म्हणणं. समोरच्या गॅलरीतल्या आजींना आमच्या मालाची वजनं पाठ झाली होती.

असं सगळं सुरळीत चालू असताना जितूशेठना सुधारणेचा झटका आला. जितूशेठ माणूस दिलदार, पण मोबाइलवर येईल ते वाचतो. एका दुपारी जेवणं होताच चकचकीत कॉफीचं मशीन आलं. बटणं इतकी, की त्यावरून विमान उतरवता आलं असतं.

“आजपासून ज्याला झोप येईल त्याने कॉफी घ्यायची,” शेठ म्हणाले. “जागेवर बसून. गॅलरी बंद. झाकण बंद. ताई, खालून तक्रार आहे, त्याची शेव तुटते.”

“शेठ, कॉफी डोल्यांना उठवते, मानसाला नाय उठवत.”

“महिनाभर बघू. काम अडलं तर तुमचं झाकण पुन्हा चालू.”

शेठचा हा हुकूम ताईंनी उरणला पाठवला नाही, तेव्हाच मला समजलं की गोष्ट मनाला लागलीय. पहिल्या दिवशी तीनला त्या उठल्या, झाकण न वाजवता किटली घेतली आणि एकट्याच गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. कठड्यावर सवयीने तीन कप मांडले होते. समोरच्या आजींनी हात हलवून विचारलं, बाकीचे कुठे? ताईंनी उत्तरादाखल कपाकडे बघत घोट घेतला. आम्ही दोघं आत फेसाळ कॉफी पीत होतो आणि एकमेकांकडे पाहत नव्हतो.

कॉफीचा परिणाम विलक्षण झाला. पूर्वी शकूरभाई डोळे मिटून झोपायचे, आता ते डोळे उघडे ठेवून झोपायला लागले. माझी बोटं जागी असायची आणि बाकीचा मी रजेवर.

त्याच आठवड्यात कोळंबीच्या कंटेनरचं काम आलं. पनवेलच्याच एका व्यापाऱ्याची ही पहिलीच परदेशवारी. गोठवलेली कोळंबी आखातात जायची होती. असा माल थंडीच्या कंटेनरमधून जातो. म्हणजे चाकांवरचा फ्रीजच, पण एवढा मोठा की आत लग्न लागेल. हा कंटेनर आधी जासईच्या यार्डात पोहोचतो, तिथे त्याला वीज जोडतात आणि आपण मेलवर जे तापमान कळवू ते लावतात. ते कळवायचं काम शकूरभाईंचं.

तीन वाजून गेले होते. गॅलरीत एकट्या उभ्या राहून ताईंचा अर्धा कप संपला. कागद बदलायला कुणी नव्हतं. त्या आत आल्या, उघड्या डोळ्यांनी घोरणाऱ्या शकूरभाईंच्या कोपराखालून त्यांचा कागद हळूच ओढला आणि गॅलरीत जाऊन हवेला वाचून दाखवायला लागल्या. मालाचं नाव, वजन, आणि मग असा आवाज आला की कॉफी मशीनने न सांगताच एक कप भरला.

“शकूऽऽर! अरं कोलंबीला ताप आलाय!”

तापमान उणे अठरा लिहायचं होतं. शकूरभाईंच्या दुपारीने आकड्याआधीची उण्याची रेघ गिळली होती. कागदावर नुसते अठरा. अठराला माणसाला सुखाची झोप लागते. कोळंबी वितळते, आणि मग आखातापर्यंत सगळ्या समुद्राला नाक धरावं लागतं.

“मेल गेला?” ताईंनी विचारलं.

“गेला,” शकूरभाई म्हणाले. त्यांचा चेहरा कोळंबीपेक्षा थंड पडला होता. “या अल्लाह! ताई, त्याचा पहिला माल आहे. बरबाद होईल माणूस.”

दुसरा मेल पाठवला. यार्डात फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. जितूशेठ केबिनमधून धावत आले, त्यांनीही लावला. कुणी उचलेना. ताईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

“झोपलाय त्यो,” त्या म्हणाल्या. “तीन वाजता जासई आख्खी झोपते. माजं माहेर हाय, मला शिकवू नका.”

आणि त्यांनी भावाला फोन लावला. बबनदादा यार्डासमोरच राहतात. अर्थात तेही झोपले होते, पण बहिणीचा आवाज त्यांना लहानपणापासून ठाऊक. स्पीकर लावायची गरजच नव्हती, किंबहुना फोनचीही नव्हती.

“बबन्या, ऊठ! यार्डात पल! पांढरा कंटेनर आलाय, त्याला सांग उने अठरा! काय? बनियनवर? बनियनवर पल! तुला काय लग्नाला जायचंय?”

मग फोनमधून आम्ही अख्खी जासई ऐकली. चपलांची फटफट, एक कुत्रा, दुसरा कुत्रा, मग कुत्र्यांचं सगळं मंडळ, फाटकाचा खणखणाट, आणि बबनदादांची धाप. बबनदादांनी ते फाटक चढून ओलांडलं की डोक्याने उघडलं यावर त्यांच्या घरात अजून दोन मतं आहेत. शेवटी एक झोपाळू आवाज आला, “कोण? अठराच लावत होतो ना आता...” आणि त्यावर घरत घराण्याच्या सुनेने पनवेलात बसून जासईच्या यार्डाला जे सुनावलं, ते मी इथे लिहीत नाही, कारण कागद पेटेल.

कंटेनर उणे अठरावर गेला. कोळंबी दगडासारखी राहिली. जितूशेठनी स्वतःच्या हाताने कॉफी मशीनची वायर काढली, ते खोक्यात घातलं आणि ताईंना विचारलं, “कुठे पाठवू?” आम्ही तिघांनी एकदम काय उत्तर दिलं ते तुम्ही ओळखलं असेल. संध्याकाळी तो व्यापारी पेढे घेऊन आला आणि ताईंच्या पाया पडला. शकूरभाईंनी किटली डोक्यावर घेऊन ऑफिसात फेरी मारली. फरसाणवाल्याने शेवेची पुडी पाठवली आणि निरोप दिला, झाकण हवं तितकं बडवा. दुसऱ्या दिवशी तीनला ताईंनी स्टेपलर असा हाणला की त्यातून सगळ्या पिना उडाल्या. समोरच्या आजींनी टाळ्या वाजवल्या.

इथे ही हकिगत संपली असती, पण जितूशेठना उपकार फेडायचे होते.

“ताई, तुम्ही ऑफिस वाचवलंत,” त्याच दुपारी गॅलरीत ते म्हणाले. “उद्यापासून जेवलात की घरी जायचं. पगार पूर्ण. एवढा मोठा बंगला आहे, मस्त आराम करा. चहाचं शकूर बघेल.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. ताईंनी कप कठड्यावर ठेवला, पुन्हा उचलला, आणि “बरं” म्हणाल्या. एवढा छोटा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोनला त्या रिक्षात बसल्या. तीनला दार उघडलं. “चश्मा इसरले,” ताई म्हणाल्या आणि किटलीकडे गेल्या. “आलीच हाय तं पानी ठेवते.” त्याच्या दुसऱ्या दिवशी डबा विसरल्या. मग छत्री; बाहेर ऊन असं की डांबर वितळत होतं. मग मोबाइलचा चार्जर, मग एक चप्पल, ती कशी काय विसरली आणि घरी कशी पोहोचली हे विचारायची आमची छाती झाली नाही. एक दिवस त्या आल्या आणि काय विसरल्या तेच विसरल्या. तरी तीनचा ठोका कधी चुकला नाही, आणि माझ्या सासूच्या गुडघ्याची चौकशीही.

शेवटी जितूशेठना कळवळा आला.

“ताई, या उन्हात रोज परत यायचा त्रास कशाला?” ते म्हणाले. “तुम्ही जे विसराल ते मी गाडीने घरी पाठवत जाईन.”

“पाठवाल. पन घेनार कोन?”

“म्हणजे काय? तुम्ही असाल की घरी!”

ताईंनी चिमूटभर पत्ती किटलीत टाकली आणि झाकण लावलं.

“तेच ना,” त्या म्हणाल्या. “मीच असते.”