दरडोई उत्पादकता आणि तुलसाबाईची बांधी

कुठल्याही संस्थेची कार्यक्षमता तिथे काम करणाऱ्या माणसांवर अवलंबून असते. म्हणून ती माणसं कमी केली की कार्यक्षमता वाढते, हे अर्थशास्त्रातलं निर्विवाद सत्य आहे. (ज्यांना ते पटलं नाही, त्यांना २००१ साली स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली.)

बोदलकसा तलावाच्या खालच्या अंगाला एका गावात एका बँकेची शाखा होती. तिथले व्यवस्थापक ओमेश्वर बिसेन यांना हे सत्य परिपत्रकातून समजलं. शाखेचा एकूण व्यवसाय भागिले कर्मचारी म्हणजे दरडोई उत्पादकता. ती मार्चअखेर दुप्पट न झाल्यास शाखा तिरोड्याच्या शाखेत विलीन. गावातल्या बायकांची पहिली खाती बिसेनसाहेबांनी घरोघर जाऊन उघडली होती. आता त्याच बायकांनी तिरोड्याच्या एसटीची वाट बघत दिवस मोडायचा, हे त्यांना सहन होईना. शाखा वाचवायचीच, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

व्यवसाय दुप्पट करायचा तर गावचं धान दुप्पट पिकायला हवं होतं, आणि त्यासाठी तलाव मोठा करावा लागला असता. त्यापेक्षा भागाकारातला खालचा आकडा लहान करणं सोयीचं होतं. कॅशियर श्यामलाल, कारकून मुन्नालाल आणि शिपाई भैयाजी या तिघांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली. (स्वेच्छा नक्की कुणाची, हे परिपत्रकात नमूद नव्हतं.) तिघांना शाल, नारळ आणि चिवडा देण्यात आला. भैयाजींनी स्वतःच्याच निरोप समारंभाच्या खुर्च्या लावल्या आणि उचलल्या. एका दुपारीत शाखेची उत्पादकता चौपट झाली, आणि बिसेनसाहेबांना बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवसापासून साहेब शटर उघडत, झाडत, माठ भरत, नोटा मोजत, सह्या तपासत आणि उरलेल्या वेळात उत्पादकतेचा अहवाल लिहीत. हे शाखेच्या खातेदार तुलसाबाई पटलेंनी पाहिलं. त्या भागात धानाच्या रोवणीला आज सगळे एकाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, उतरतात, उद्या दुसऱ्याच्या. एकट्या माणसाला चिखलात राबताना बघत बसायची तिथे रीत नाही. तुलसाबाईंनी झाडू हातात घेतला. त्यांची बारावी झालेली सून रुचिका सगळ्यांच्या स्लिपा भरू लागली. घरी बसून बायकोच्या डोळ्यांत खुपणारा श्यामलाल पुन्हा आपल्या जागेवर येऊन नोटा मोजू लागला. (पगार नसल्यामुळे आता तो वेळेवर येई.) हे सारं नियमात बसत नव्हतं, हे बिसेनसाहेबांना कळत होतं. पण कागदावर कर्मचारी एकच होता आणि नियम कागदासाठीच असतात.

जुलैत शाखा संपूर्ण विभागात पहिली आली. विभागीय अधिकारी जीपमधून ढाल घेऊन आले, मुक्कामाला तलावाजवळच्या विश्रामगृहात उतरले आणि सत्काराच्या भाषणात त्यांनी गावाला सांगितलं की बँक आणि ग्राहक एकच कुटुंब आहेत. मग तुलसाबाई उभ्या राहिल्या. त्या आभार मानणार, असं सगळ्यांना वाटलं.

"साहेब, चार मयने आमी तुमच्या घरचा काम केला," त्या म्हणाल्या. "आता आमचा रोवणा आला. तुमच्याकडले किती जन येऊन रायले?"

बिसेनसाहेबांनी ओशाळून अधिकाऱ्यांना गावची रीत समजावून सांगितली. अधिकाऱ्यांनी गंभीरपणे विचार केला आणि बँकेत अशी तरतूद नसल्याचं सांगितलं.

"मंग आमचा काम कायले घेतला?" तुलसाबाईंनी विचारलं. त्यांना राग आला नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि राष्ट्रगीत सुरू करण्यात आलं.

बिसेनसाहेबांना मात्र त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. जन्मात ते एवढे शरमले नव्हते. सकाळी त्यांनी एक दिवसाची रजा टाकली, किल्ल्या श्यामलालकडे दिल्या आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते तुलसाबाईंच्या बांधीत उतरले. कितीतरी वर्षांत वाकलेले नसल्याने त्यांची ओळ तिरपी जात होती. बायका हसल्या, तुलसाबाईंनी रोपांची पेंढी हातात दिली, आणि साहेब संध्याकाळपर्यंत चिखलात सुखी होते.

त्याच दिवशी अधिकारी परत जाताना शाखेत डोकावले. शाखेत एकही कर्मचारी नव्हता आणि कामकाज सुरळीत चालू होतं. त्यांनी भागाकार करून पाहिला. खाली शून्य आल्यामुळे तो सुटेना. अहवालात त्यांनी लिहिलं की सदर गावाला कर्मचाऱ्याची गरज नाही, कर्मचाऱ्याविना शाखा असू शकत नाही, सबब शाखा विलीन करावी. दिवाळीपूर्वी शटर कायमचं उतरलं. तुलसाबाई आता तिरोड्याला जातात, आणि त्यांचा दिवस मोडतो. बिसेनसाहेबांची बदली गोंदियात झाली. तिथे ते निवृत्त होईपर्यंत पैसे देणाऱ्या मशीनजवळ उभे राहून लोकांना कुठलं बटण दाबायचं ते दाखवत.

वाचकहो, बँकेकडून रोवणीला माणसं मागणाऱ्या बाईला तुम्ही हसलात, ते योग्यच आहे. तुम्ही शिकलेले आहात. कॅशियरचं काम आता मशीनसमोर उभे राहून तुम्हीच करता, कारकुनाचं मोबाइलवर करता, आणि त्या सेवेचं शुल्क आपल्याच खात्यातून मुकाट्याने जाऊ देता. तुलसाबाईंनी निदान एक माणूस एक दिवस बांधीत उतरवला. तुम्ही अजून विचारलेलंसुद्धा नाही.