दिगंबररावांचा राखाडी

लग्न होऊन कोथरूडच्या निशिगंध सोसायटीत पाऊल टाकलं त्याच दिवशी स्पृहाने ठरवून टाकलं, की पहिली दिवाळी होईपर्यंत सासरी कुणालाही 'नाही' म्हणायचं नाही. (माहेर सदाशिव पेठेतलं. तिथे 'नाही' हा शब्द 'या, बसा'च्या आधी येतो. तेव्हा निश्चय साधासुधा नव्हता.) दिवाळीला सासूबाई पैठणी घेणार होत्या आणि तिच्या मनात मोरपंखी भरली होती. एका पैठणीसाठी मुलगी काही महिने गप्प बसू शकते.

शिवाय घरात बोलायचं काम सासरे करतच होते. दिगंबरराव खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तोफगोळ्यांवरचे रंगाचे पट्टे तपासणं ही त्यांची नोकरी. "रंग चुकला तर माणूस जातो," हे ते मटार घेतानाही सांगत.

अलीकडे मात्र त्यांचं जगाशी बिनसलं होतं. दूध बघून विचारत, "गायीला कावीळ झालीये का?" पांढरा शर्ट 'कळकट' म्हणून पुन्हा धुवायला टाकत. आणि रोज सकाळी एका पायात काळा, दुसऱ्या पायात गडद निळा मोजा घालून ऐटीत फिरायला निघत. स्पृहा दारातून पायांकडे बघे आणि म्हणे, "सावकाश जा, बाबा."

अशात सोसायटीला बाहेरून रंग द्यायचा ठरला. रंग समितीचे अध्यक्ष कोण, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. दिगंबररावांनी शेड कार्डावर बोट टेकवलं. "हा. सभ्य राखाडी."

स्पृहाने वाकून पाहिलं. स्वच्छ, टवटवीत, फिकट जांभळा होता तो.

तळमजल्यावर बुटीक चालवणाऱ्या बिलकिसताईंना राहवलं नाही. "काका, हा लव्हेंडर आहे."

"ताई, मी तोफगोळे तपासलेत."

"आणि मी ब्लाउजपीस. तोफगोळा 'मॅचिंग नाही' म्हणून परत करायला कुणी येत नाही, काका. माझं गिऱ्हाईक येतं."

दिगंबरराव लाल झाले. (हा रंग सगळ्यांना सारखाच दिसला.) "परीक्षाच होऊन जाऊ दे! ज्याला रंग कळतो, त्यालाच मत."

रविवारी पार्किंगमध्ये टेबल लागलं. शेड कार्डावरची नावं चिकटपट्टीखाली गेली. उत्तरसूची दिगंबररावांच्या डोक्यात होती, तिथे अपील नव्हतं.

स्पृहाचा नवरा केयूर हिंजवडीच्या बसमधून सुटून आठवड्यातून एकदाच माणसात येतो. तो म्हणाला, "पर्पल आहे, बाबा."

"नापास. दिवसभर स्क्रीनमध्ये डोकं घातल्यावर दुसरं काय होणार!"

सासूबाईंपुढे, म्हणजे सरोजिनीबाईंपुढे, दुसरा चौकोन आला. "अहो, हा वांगी कलर."

"चॉकलेटी आहे तो! तुला सगळीकडे वांगीच दिसतात."

"लग्न झाल्यापासून समोर एकच बघतेय ना, सवय झालीये."

बिलकिसताई नापास. सेक्रेटरी नापास. शेवटी स्पृहा.

"हा कुठला?"

सासऱ्यांच्या मागे उभ्या राहून बिलकिसताई ओठांनी 'लव्हेंडर' म्हणत होत्या. केयूर हातवारे करत होता. पण दिगंबररावांचा चेहरा इतका आशाळभूत झाला होता, की तिला पैठणी दिसू लागली. आणि उत्तरं तर तिला मोज्यांपासून पाठ होती.

"राखाडी, बाबा." निळ्याला ती काळा म्हणाली, वांग्याला चॉकलेटी.

"पैकीच्या पैकी!" दिगंबररावांनी टेबल बडवलं. "अख्ख्या सोसायटीत एकच डोळस माणूस, आणि तो माझ्या घरात!"

ठराव दोन मतांनी, एकमताने मंजूर झाला. परांच्या बांधल्या गेल्या. पेंटरने येऊन "नक्की हाच ना?" असं विचारलं, तर त्यालाही परीक्षेला बसवायची धमकी मिळाली. कुरकुर करणाऱ्यांना एकच उत्तर होतं: "नापासांनी रंगावर बोलू नये."

काम संपत आलं, तशी दिगंबररावांना पेपरातली अक्षरंही दिसेनात. सरोजिनीबाई त्यांना हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मोतीबिंदू पिकला होता. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि स्पृहा त्यांना रिक्षाने घरी घेऊन आली. नेमक्या त्याच सकाळी परांच्या उतरल्या होत्या.

"पुढे घ्या हो," दिगंबरराव रिक्षावाल्याला म्हणाले. "ही आमची सोसायटी नव्हे."

"काका, पाटी वाचा की. निशिगंध."

दिगंबररावांनी उजवा डोळा झाकला, मग डावा. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. मग सावकाश खाली वाकून स्वतःचे मोजे पाहिले.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळे जमले. "मी चुकलो," दिगंबरराव म्हणाले. (सरोजिनीबाईंनी आधारासाठी खांब धरला.) "डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूने पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं दिसतं. जांभळं राखाडी वाटतं. माझं समजण्यासारखं आहे." मग ते वळले. "पण हिचं काय?"

सगळ्या माना स्पृहाकडे वळल्या. खोटं बोलले म्हणावं, तर अख्खी जांभळी सोसायटी तिच्या नावावर जमा होणार. दिवाळी तर तोंडावर आलेली.

"मला..." ती पुटपुटली, "तसंच दिसतं, बाबा."

"अगंबाई!" सरोजिनीबाई कळवळल्या.

दुसऱ्या दिवसापासून कर्वे रस्त्यावर त्या तिचा दंड धरू लागल्या. "लाल आहे हं बाळा, थांब." केयूरने मसाल्याच्या डब्यात 'तिखट', 'हळद' अशा चिठ्ठ्या लावल्या. बिलकिसताई फक्त म्हणाल्या, "ब्लाउजचं मॅचिंग माझं मी बघते. तुला कुठे कळणार, नाही का?"

पाडव्याला दिगंबररावांनी स्वतः खोकं आणून तिच्या हातात दिलं. "तुझ्या सासूबाई मोरपंखी म्हणत होत्या. मी म्हटलं, पोरीला दिसणार तरी आहे का? मीच निवडली, नव्या डोळ्याने. तुझी आवडती राखाडी!"

खोक्यात निशिगंध सोसायटीची बाहेरची भिंत घडी घालून ठेवली होती.

"आवडली ना?" त्यांनी विचारलं आणि ऑपरेशनवाला डोळा हळूच मिचकावला.

"हो, बाबा," स्पृहा म्हणाली.

मग सगळ्यांनी बिल्डिंगसमोर उभं राहून फोटो काढला. सगळे छान आलेत. स्पृहाचा चेहराही छान आलाय, फक्त तो भिंतीला खिळा ठोकून टांगल्यासारखा दिसतो.